गर्भपाताच्या कायद्यावर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

गर्भपाताच्या कायद्यावर चर्चा ठेवली की पहिल्या काही मिनिटांतच खोलीचे दोन भाग पडतात, एक बाजूने बोलणारा आणि एक विरोधात बोलणारा, आणि उरलेला वेळ दोन्ही भाग आपापली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. नाशिकमध्ये महाविद्यालयांत, आशा कार्यकर्त्यांच्या बैठकांत, बचत गटांत किंवा वाचनालयाच्या सभागृहात या विषयावर वर्ग घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे टिपण आहे.

वर्ग घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या दोन स्त्रिया या कायद्याकडे नेमक्या उलट मागण्या घेऊन जाऊ शकतात आणि तरीही दोघींचे विचार सुसंगत असू शकतात. बाईच्या दुय्यमपणाचे मूळ कशात आहे, याबद्दल त्यांची उत्तरे निराळी असतात. कोणाला ते मूळ कायद्याच्या असमान वागणुकीत दिसते, कोणाला पुरुषाच्या लैंगिक सत्तेत, कोणाला मजुरीत आणि गरिबीत, कोणाला जातीत. हे उत्तर बदलले की कायद्याकडून असलेली अपेक्षाही बदलते. म्हणून हात वर करून मते मोजण्याऐवजी, कायद्याचे एकच कलम समोर ठेवून ते स्त्रीवादाच्या प्रत्येक प्रवाहाच्या नजरेने वाचायला शिकवावे.

तयारी

वर्गासाठी तीन बैठका ठेवाव्यात. सगळे एका दुपारी उरकायचा प्रयत्न केला की शेवटी ठेवलेले प्रश्न, म्हणजे बहुधा दलित, आदिवासी आणि अपंग स्त्रियांचे प्रश्न, वेळ संपल्यामुळे राहून जातात. गट पंधरा-वीस जणांचा असावा. महाविद्यालयात मुलगे आणि मुली एकत्र बसण्यास हरकत नाही, मात्र वस्तीत किंवा पाड्यावर पहिली बैठक फक्त बायकांची ठेवावी, कारण जे सासू-जावांसमोरही बोलता येत नाही ते गावातल्या पुरुषांसमोर बोलले जाणार नाही.

बसल्याबरोबर एक नियम सांगावा. येथे कोणीही कोणाला स्वतःचा अनुभव विचारणार नाही, आणि कोणी आपणहून सांगितला तर तो खोलीबाहेर जाणार नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी यातून गेलेले आहे असे धरूनच बोलावे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकातील अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झाले. विषय इतका आपल्या घरातला असताना 'अशा बायका' हा शब्दप्रयोग वर्गात येऊ देऊ नये.

दोन कायदे वेगवेगळ्या कागदांवर छापून न्यावेत. पहिला १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, ज्याला बोलताना सगळे एमटीपी म्हणतात, २०२१ च्या दुरुस्तीसह. दुसरा १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायदा, म्हणजे पीसीपीएनडीटी. हे दोन्ही एकच आहेत अशी समजूत शिकलेल्या माणसांतही आढळते आणि त्यातून पुढे मोठे नुकसान होते, म्हणून कागद वेगळे, शक्य असल्यास रंगही वेगळे ठेवावेत. सोबत 'फॉर्म सी' या संमतीपत्राची प्रत असावी. भाषणांपेक्षा या एका पानावर वर्ग जास्त शिकतो.

कलम ३ सगळ्यांनी मिळून वाचावे

सुरुवात या वस्तुस्थितीने करावी की भारतात गर्भपात करणे हा मुळात गुन्हा आहे. १८६० च्या दंड संहितेत तो कलम ३१२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे, आणि स्वतःचा गर्भपात करवणारी स्त्रीही या कलमाच्या कक्षेत येते. १९७१ चा कायदा म्हणजे या गुन्ह्याला दिलेला अपवाद आहे. आता त्याचे कलम ३ मोठ्याने वाचायला सांगावे आणि विचारावे, हे वाक्य कोणाविषयी आहे? थोडा वेळ लागतो, पण उत्तर सापडते. वाक्य नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीविषयी आहे. अटी पाळून गर्भपात केला तर त्याला दोषी धरले जाणार नाही, असे ते सांगते. स्त्रीला हक्क आहे, असे हे कलम कोठेही म्हणत नाही.

मग अटी फळ्यावर लिहाव्यात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचे मत लागते आणि स्त्री नियमांत सांगितलेल्या गटांपैकी असावी लागते: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, शारीरिक अपंगत्व असलेली, मानसिक आजार असलेली, गर्भात व्यंग आढळलेली, किंवा आपत्तीत सापडलेली. २४ आठवड्यांनंतर केवळ गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच परवानगी मिळते. जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तेव्हा ही कालमर्यादा लागू होत नाही. मानसिक आजार असलेली स्त्री वगळता, प्रौढ स्त्रीच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते.

या शेवटच्या वाक्यावर थांबावे आणि फॉर्म सी फिरवावा. त्यात स्त्रीचे नाव, वय, पत्ता आणि तिची सही किंवा अंगठा यांसाठी जागा आहे, नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. तरीही अनेक ठिकाणी ती मागितली जाते, हे वर्गातील बायका तुम्हाला सांगतील. कायद्यात नसलेली सही समाज कागदावर आणतो, आणि ती कोठून येते याचे स्पष्टीकरण प्रत्येक प्रवाह निराळे देतो.

उदारमतवादी वाचन

हा प्रवाह समजायला सर्वांत सोपा आहे, कारण न्यायालये बहुतांशी त्याच भाषेत बोलतात. व्यक्ती स्वायत्त आहे, शरीर तिचे आहे, म्हणून निर्णय तिचा आहे आणि राज्यसंस्थेने मध्ये येण्यासाठी सबळ कारण दाखवले पाहिजे. अमेरिकेत २२ जानेवारी १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालाने खाजगीपणाच्या हक्कातून गर्भपाताचा हक्क काढला, आणि २४ जून २०२२ रोजी डॉब्स निकालाने तो रद्द केला. आपल्याकडे २००९ च्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ देण्याचा किंवा न देण्याचा निर्णय हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांच्या खंडपीठाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही दिला आणि या कायद्यापुरता विवाहांतर्गत बलात्कारही बलात्कारच धरला. त्याआधी २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीतून 'विवाहित स्त्री व तिचा पती' काढून 'कोणतीही स्त्री व तिचा जोडीदार' असे शब्द घातले होते.

वर्गात हा प्रवाह ओळखण्याची खूण म्हणजे 'परवानगी कशाला लागते?' हा प्रश्न. ज्या मुलीच्या तोंडी तो येतो तिला पुढचा प्रश्न विचारावा: डॉक्टरचे मत ही अट काढली तर काय उरेल? बरीच चर्चा येथेच खऱ्या अर्थाने सुरू होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या गरोदर विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, कारण २४ आठवडे उलटले होते, तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि गर्भात व्यंगही नव्हते. हे उदाहरण ठेवले की स्वायत्ततेला कायद्याने घातलेली सीमा नेमकी कोठे आहे हे वर्गाला दिसते.

जहाल वाचन

जहाल स्त्रीवाद उदारमतवाद्यांच्या निष्कर्षाशी अनेकदा सहमत असतो, पण त्यांच्या कारणांशी नसतो. विधिज्ञ कॅथरिन मॅकिनन यांनी रो निकालावर केलेली टीका वर्गाला सविस्तर समजावून सांगावी. खाजगीपणाचा हक्क हा घराच्या उंबऱ्यापाशी राज्यसंस्थेला थांबवतो, पण बाईवर जबरदस्ती होते ती उंबऱ्याच्या आतच. गर्भधारणा जर समान संमतीतून झालेली नसेल, तर नंतरच्या निर्णयाला 'खाजगी' म्हणणे म्हणजे आधीच्या सक्तीवर पडदा टाकणे होय. म्हणून गर्भपाताचा प्रश्न समानतेच्या हक्काखाली मांडावा, असे त्या म्हणतात. समानतेचा आधार अधिक भक्कम ठरला असता, असे रूथ बेडर गिन्सबर्ग याही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होण्याआधीपासून सांगत होत्या.

नवऱ्याच्या सहीकडे या प्रवाहाच्या नजरेने पाहिले की ती कारकुनाची चूक राहत नाही. तिच्या शरीरावर कोणाचा ताबा आहे याची ती नोंद ठरते. मौन मोडणे हे या प्रवाहाचे मोठे हत्यार राहिले आहे. एप्रिल १९७१ मध्ये फ्रान्समध्ये ३४३ स्त्रियांनी आपण बेकायदा गर्भपात केल्याचे सही करून जाहीर केले, सिमोन द बोव्हार त्यांत होत्या, आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे कायदा झाला. मात्र हे सांगताना वर्गातील कोणावर बोलण्याचा दबाव येणार नाही याची काळजी घ्यावी. ज्यांना प्रसिद्धी आणि प्रतिष्ठा होती त्यांनी पत्करलेला धोका एखाद्या सुनेकडून मागता येत नाही.

समाजवादी वाचन: द्राक्षबागेतील बाई

या भागासाठी नाशिक जिल्ह्याइतके बोलके ठिकाण शोधून सापडणार नाही. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात, त्यांत बायका मोठ्या संख्येने असतात आणि मजुरी रोजावर किंवा उक्त्यावर मिळते. अशा बाईला दिवस गेले आणि तिला ते नको असले, तर तिने काय करायचे याची यादी वर्गाकडूनच करून घ्यावी. रुग्णालयात जायचे म्हणजे रोज बुडतो. सोनोग्राफीसाठी पुन्हा यावे लागले तर दुसरा रोज बुडतो. सोबतीला येणाऱ्या बाईचाही रोज बुडतो, लहान मूल मुकादमाच्या बायकोपाशी ठेवावे लागते, आणि पेठहून निघाली असेल तर सावळघाटातून येणारी एसटी चुकली की दिवसच गेला. यादी फळ्यावर पूर्ण झाली की कलम ३ पुन्हा वाचावे. त्या कलमातील एकही शब्द या यादीतील एकाही अडचणीला हात लावत नाही.

मातृत्व लाभाच्या तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कायम कामगार असलेल्या स्त्रीला ती मागता येते, टोळीतल्या बाईला ती मिळणे दुरापास्त आहे. समाजवादी स्त्रीवादाचे म्हणणे एवढेच आहे की पैसा, वेळ आणि दवाखाना नसेल तर हक्क कागदावर राहतो, आणि म्हणून गर्भपाताची मागणी ही पाळणाघर, किमान वेतन आणि सरकारी आरोग्यसेवेच्या मागणीपासून तोडता येत नाही. अमेरिकेत १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरिबांच्या आरोग्य योजनेतून गर्भपाताचा खर्च वगळला आणि १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. हक्क होता, पण गरीब बाईपुरता त्याचा उपयोग उरला नव्हता.

याच प्रवाहाचा एक कडू धडाही सांगितला पाहिजे. सोव्हिएत रशियाने १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर केला, १९३६ मध्ये स्टालिनच्या काळात त्यावर बंदी घातली आणि १९५५ मध्ये तो पुन्हा खुला केला. जो हक्क बाईसाठी नसून उत्पादनासाठी किंवा लोकसंख्येसाठी दिला जातो, तो गणित बदलले की काढून घेतला जातो. आपला १९७१ चा कायदाही या शंकेपासून पूर्ण मुक्त नाही. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला तेव्हा असुरक्षित गर्भपातांनी होणारे मृत्यू ही खरी चिंता होती, पण कुटुंबनियोजनाचे वारेही त्याच काळात वाहत होते.

दलित, आदिवासी आणि प्रजननविषयक न्याय

१९९४ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने 'प्रजननविषयक न्याय' ही मांडणी केली. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क, आणि झालेले मूल सुरक्षित वातावरणात वाढवण्याचा हक्क, हे तिन्ही एकत्र मागितले पाहिजेत, असे त्या म्हणाल्या, कारण त्यांच्या समाजातील स्त्रियांवर सक्तीच्या नसबंदीचा इतिहास होता. ही मांडणी महाराष्ट्रात परकी वाटत नाही. आपल्याकडे दोनपेक्षा जास्त अपत्ये असलेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. राखीव जागेवरून उभी राहू इच्छिणारी बाई तिसऱ्यांदा गरोदर राहिली तर तिच्यावर कोणता दबाव येईल, हे वर्गाला विचारावे. तेथे गर्भपाताची सोय हेच दडपणाचे साधन होऊ शकते, आणि 'निवड' हा उदारमतवादी शब्द अपुरा पडतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरांनंतर गरीब बायका दगावल्या आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे थांबवण्याचा आदेश दिला, हेही याच ठिकाणी सांगावे.

आंबेडकरी परंपरेतील एक घटना येथे आवर्जून वाचून दाखवावी. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला आणि तो फेटाळला गेला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांच्यापैकी कोणीही एकाहून अधिक मुलांना तयार झाला नसता, अशा आशयाचे वाक्य त्या भाषणात आहे. ज्या जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला आणि येवल्याची घोषणा झाली, तेथील तरुणांना हा ठराव बहुधा माहीत नसतो. दलित स्त्रीवादाची मागणी यातून सहज समजते: जातीमुळे ज्या बाईशी दवाखान्यात तुसडेपणाने बोलले जाते, तिच्यासाठी कायद्याची पहिली परीक्षा खिडकीवर बसलेल्या माणसापाशी होते.

गर्भलिंगनिदान: येथे घाई करू नये

दुसरी बैठक पूर्णपणे या एका प्रश्नाला द्यावी, कारण येथे प्रत्येक प्रवाहाची कसोटी लागते आणि येथेच वर्ग सर्वाधिक भरकटतो.

पार्श्वभूमी अशी आहे. गर्भजल परीक्षेचा वापर मुलगी टाळण्यासाठी होऊ लागला तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतील लोकांनी मिळून मोहीम उभी केली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिल्यामुळे २००० मध्ये मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होत्या.

आता वर्गासमोर पेच स्पष्ट शब्दांत मांडावा. निर्णय बाईचा आहे आणि तिला कारण विचारायचे नाही, असे आपण पहिल्या बैठकीत म्हणालो. मग मुलगी आहे म्हणून गर्भपात करणाऱ्या बाईला कारण कसे विचारायचे? प्रामाणिक उदारमतवादी येथे अडखळते, आणि तिला अडखळू द्यावे. जहाल स्त्रीवादी म्हणेल की मुलगा झाल्याशिवाय ज्या घरात बाईला मान नाही, तेथे तिची ही निवड तिची नसतेच. समाजवादी स्त्रीवादी हुंडा, वारसा आणि 'दोनच मुले' या आग्रहाकडे बोट दाखवेल. आदिवासी समाजात मुलींचे प्रमाण एकंदर समाजापेक्षा चांगले आहे, हे सांगून कोणी विचारेल की ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांच्याकडून येथे काय शिकायचे आहे.

या पेचातून महाराष्ट्रातील स्त्री चळवळीने जो कायदेशीर मार्ग काढला तो मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्यांनी बंदी मागितली ती तपासणीवर, गर्भपातावर नाही. गुन्हा लिंग सांगणाऱ्या डॉक्टरचा आणि केंद्राचा ठरला, आणि गर्भपाताचा कायदा जसा होता तसा राहिला. पीसीपीएनडीटीचे कलम २४ काढून वाचावे. बाईने तपासणी केली असेल तर तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. हे कलम वर्गात दोन गटांकडून वाचून घ्यावे. एक गट म्हणेल की कायद्याने बाईवरची सक्ती ओळखली, दुसरा म्हणेल की कायद्याने तिला स्वतःचे मनच नाही असे धरले. दोन्ही वाचने स्त्रीवादी आहेत, आणि दोन्ही एकाच ओळीतून निघतात.

परंतु अंमलबजावणीत दोन्ही कायद्यांची सरमिसळ झाली, आणि याबद्दल वर्गात मोकळेपणाने बोलले पाहिजे. भिंतीवरच्या फलकांनी तपासणीऐवजी गर्भपातालाच पाप आणि खून ठरवले. मुलींचे घटते प्रमाण रोखण्याच्या मोहिमांनंतर अनेक औषध दुकानांनी गोळ्या ठेवणे बंद केले, आणि बारा आठवडे उलटलेल्या बाईकडे डॉक्टर संशयाने पाहू लागले, जरी गोळ्या ज्या नऊ आठवड्यांपर्यंत दिल्या जातात त्या काळात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे कळत नाही. चांगल्या हेतूच्या मोहिमेने गरजू बाईचा रस्ता अडवला. आशा कार्यकर्त्यांच्या वर्गात हा मुद्दा दोनदा सांगावा, कारण गावात पहिली विचारणा त्यांच्याकडेच होते.

अपंग स्त्रियांचा आक्षेप

जीव वाचवण्याची तातडी सोडली, तर २४ आठवड्यांची मर्यादा कायद्याने फक्त व्यंग असलेल्या गर्भासाठी उठवली, इतर कोणत्याही कारणासाठी नाही. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हृदयात दोष असलेल्या गर्भाच्या बाबतीत परवानगी नाकारली होती, त्यानंतरच्या मागण्यांतून हा बदल आला. उदारमतवादी विचारतात की हीच सवलत सगळ्यांना का नाही. अपंग स्त्रीवादी विचारतात की आमच्यासारख्या आयुष्याची किंमत कमी आहे, असे कायदा का सुचवतो. सुचिता श्रीवास्तव खटला येथे पुन्हा उघडावा. चंदीगडच्या सरकारी संस्थेतील, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या त्या स्त्रीला मूल हवे होते, उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय तो करता येणार नाही असे ठरवले. स्वायत्ततेचा भारतातील हा महत्त्वाचा निकाल मूल होऊ देण्याच्या बाजूने लागला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

गर्भपाताला विरोध करणाऱ्या स्त्रीवादी

त्यांना वर्गातून वगळू नये. १९७२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'फेमिनिस्ट्स फॉर लाइफ' या गटाचे म्हणणे असे की गर्भपात हा समाजाने आई होणाऱ्या बाईला आधार न देण्याचा सोपा पर्याय आहे, आणि त्याने पुरुष व मालक दोघेही जबाबदारीतून सुटतात. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग समाजवाद्यांना मान्य होईल. फरक पडतो तो कायद्याने सक्ती करावी का, या प्रश्नावर. कोणी येथे जोतिबा व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा दाखला देईल. तो दाखला जपून वापरावा. विधवेला पुनर्विवाह नाही, गरोदर राहिली तर घर नाही, अशा काळात फुल्यांनी तिला बाळंतपणाला सुरक्षित जागा दिली. त्यावरून आजच्या कायद्याबद्दल त्यांचे मत काढणे योग्य नाही. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल झालेल्या फाशीच्या शिक्षेने अस्वस्थ होऊन ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये लेखणी उचलली, तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आजही तसाच लागू आहे: दोघांच्या कृत्याची शिक्षा एकटीलाच का?

गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला तर काय होते, याचे उदाहरण आयर्लंडचे आहे. १९८३ च्या आठव्या दुरुस्तीने तो हक्क दिला. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही वेळेत गर्भपात केला गेला नाही, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती काढून टाकली. हे सांगून लगेच चर्चा सुरू करू नये, थोडा वेळ द्यावा.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून मांडलेला काळजीच्या नीतीचा विचार येथे जोडता येतो. त्या स्त्रिया हक्कांची भाषा फारशी बोलत नव्हत्या, कोणाला किती दुखावले जाईल याचा विचार करत होत्या. वस्तीतल्या बैठकीत ही भाषा तुम्हाला सतत ऐकू येईल: 'आधीच्या दोघांचे काय?' ते कमकुवत मत समजून बाजूला सारू नये.

तिसरी बैठक: कलम नव्याने लिहिणे

चार-पाच जणांचे गट करून प्रत्येकाला एक प्रवाह द्यावा आणि त्या नजरेने कलम ३ एका पानात नव्याने लिहायला सांगावे. अट एकच ठेवावी, वाक्य कोणाविषयी असेल हे आधी ठरवायचे. डॉक्टर, स्त्री, की शासन? समाजवादी गट बहुधा 'शासन पुरवील' अशी सुरुवात करतो, उदारमतवादी गट 'स्त्रीला हक्क राहील' अशी. 'स्त्री' या शब्दात कोण कोण येते हेही विचारावे, कारण २०२२ च्या निकालाने या कायद्याची गरज पडू शकणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तींचाही त्यात समावेश मानला. लिहून झाल्यावर प्रत्येक गटाचे कलम द्राक्षबागेतील बाईच्या त्या यादीसमोर ठेवून तपासावे. एका प्रवाहाचे कलम पुरे पडत नाही, दोन-तीन एकत्र करावी लागतात, आणि कोणती दोन एकमेकांशी भांडतात हे लिहितानाच कळते. आपले मत सांगायचेच असेल तर वर्ग घेणाऱ्याने ते याच वेळी, शेवटी सांगावे. माझे मत असे की वाक्य स्त्रीविषयी असले पाहिजे, आणि त्याच कलमात शासनाचे कर्तव्यही असले पाहिजे, कारण पहिल्याशिवाय दुसरे सक्ती होऊ शकते आणि दुसऱ्याशिवाय पहिले सुरगाण्यापर्यंत पोहोचत नाही.

वर्ग संपल्यावर कोणी मागे थांबून स्वतःबद्दल किंवा 'एका मैत्रिणीबद्दल' विचारले, तर प्रवाहांची चर्चा तेथे करू नये. आठवडे महत्त्वाचे आहेत, उशीर करू नये, सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच जावे, प्रौढ स्त्रीची एकटीची सही पुरते, आणि तिची ओळख उघड करणे एमटीपी कायद्याच्या कलम ५अ नुसार शिक्षापात्र आहे, एवढे स्पष्ट सांगावे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची संमती लागते आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावे लागते, परंतु २०२२ च्या निकालानुसार मुलगी व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरला त्या अहवालात तिचे नाव देण्याची गरज नाही, हेही सांगावे. भीतीमुळे दुकानातून कोणत्याही गोळ्या आणून घेण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरला भेटायला सांगावे आणि तिला हवे असेल तर सोबत जावे.